भय कोठें, पहारा कोठें

मूल हें घराचें धन होय असें आपण म्हणतों. आणि धन असेल तेथें कुलूप असावें, हेंहि आपणांस कळतें. प्रश्न एवढाच उरतो कीं, तें कुलूप कोणत्या दारास घालावयाचें. आपल्या सुशिक्षित घरांतून या प्रश्नाचें उत्तर जणूं ठरून गेलें आहे. परका मनुष्य, अंधारा रस्ता, निर्जन जागा आणि अनोळखी हातानें पुढें केलेला खाऊ, एवढ्या चार गोष्टींपासून मुलास दूर ठेवलें म्हणजे आईबापांचें कर्तव्य पुरें झालें, असा सर्वसाधारण समज आहे. लहान मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा अभ्यास गेल्या साठ वर्षांत जसजसा वाढत गेला, तसतसें हें उत्तर अपुरें असल्याचें दिसून आलें आहे. म्हणून या महिन्यांत हा अप्रिय विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय उच्चारावयास जड आहे खरा. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार घरांत होत नाहीं तिचा लाभ दुष्ट मनुष्यास होतो, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

मुंबईच्या उपनगरांतील साकीनाका घ्या. अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणारा गजबजलेला रस्ता, त्यावरून २०१४ च्या जून महिन्यापासून धांवणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, खैराणी रस्त्यालगतचे पत्र्याचे कारखाने, दुकानें व गाळे, त्यांच्या माळ्यांवर व मागच्या गल्ल्यांतून दाटीनें वसलेलीं कुटुंबें, आणि थोड्याच अंतरावर चांदिवली-पवईच्या उंच इमारतींतून राहणारी सुखवस्तु मंडळी, असा हा भाग आहे. २०२१ च्या सप्टेंबर महिन्यांत याच खैराणी रस्त्यावर रात्रीं एका स्त्रीवर अमानुष अत्याचार होऊन तिचा अंत झाला, तेव्हां साकीनाक्याचें नांव घरोघर पोंचलें. पुढील वर्षीं न्यायालयानें आरोपीस देहान्ताची शिक्षा सुनावली. तेव्हांपासून साकीनाका म्हणतांच रात्र, सुना रस्ता आणि कडेला उभा असलेला टेम्पो हें चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढें येतें. चित्र खोटें नाहीं. परंतु साकीनाक्यांतील काय किंवा अन्य ठिकाणच्या काय, बालकांना बहुधा जो अपाय होतो तो या चित्रांत बसत नाहीं. तो दिवसाढवळ्या होतो, छपराखालीं होतो, आणि ज्याच्या हातीं मूल विश्वासानें सोंपविलेलें असतें त्याच्याकडून होतो.

हें विधान केवळ अनुमानाचें नाहीं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानें २००७ सालीं एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांस प्रत्यक्ष विचारून ती तयार केलेली होती. तींत असें आढळलें कीं, दर तीन मुलांपैकीं दोघांच्या वांट्यास मारहाण आलेली होती. आणि घरांत मार खाणाऱ्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिक मुलांना मारणारे त्यांचे आईबापच होते. शेंकडा ५३ मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून किंचित् अधिकच निघाली, ही गोष्ट 'आम्हांला मुलगेच आहेत, आम्हांस कसली काळजी?' असें म्हणणारांनीं लक्षांत ठेवावी. अत्याचार करणारांपैकीं निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याच्या विश्वासांतील होते. आणि बहुसंख्य मुलांनीं ही हकीकत तोंवर कोणासहि सांगितलेली नव्हती. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या अधिक गंभीर गुन्ह्यांकडे पाहिलें तर ओळखीच्या मनुष्याचें प्रमाण याहूनहि वाढतें. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडील वार्षिक अहवाल पाहतां, बालकांवरील बलात्काराच्या शंभर प्रकरणांपैकीं नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी नातलग, शेजारी, घरचा स्नेही अथवा अन्य ओळखीचा मनुष्य असल्याचें दिसतें.

आपलें भय मात्र परक्याच्याच पाठीस लागलेलें आहे, आणि हें भय निरुपद्रवी नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी आले होते. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या सुमारास भ्रमणध्वनीवरून गांवोगांव पसरली होती. तेवढ्यावरून जमावानें त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून मारून टाकलें. आपल्या मुलांच्या रक्षणासाठीं आपण हें करीत आहों, असें त्या जमावांतील प्रत्येकास वाटत असावें. पांच निरपराध माणसें मेलीं. आणि त्या गांवांतील एकाहि मुलाचें रक्षण त्यामुळें झालें नाहीं.

ओळखीच्या माणसाविषयीं संशय घेण्यास मन किती नाखूष असतें, याचें उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांतहि सांपडतें. अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनीं १९४६ सालीं सहा तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलांच्या मेंदूवर रक्त साकळलेलें होतें आणि हातापायांचीं हाडें ठिकठिकाणीं मोडलेलीं होतीं. पण हीं हाडें कशीं मोडलीं याचा खुलासा घरच्या कोणाकडूनहि मिळत नव्हता. काचेवर सर्व कांहीं स्पष्ट उमटलेलें असतांहि त्याचा सरळ अर्थ वैद्यकजगानें मान्य करावयास आणखी सोळा वर्षें लागलीं. १९६२ सालीं हेन्री केम्प व त्यांचे सहकारी यांनीं, अशा मुलांस त्यांचे पालकच मारीत असतात, असें उघड लिहिलें, तेव्हां कोठें डॉक्टरांचे डोळे उघडले. ज्यांच्या हातांत पुरावा होता, त्यांनासुद्धां आईबापांविषयीं असा विचार मनांत आणणें जड गेलें. मग आपल्यासारख्या गृहस्थांची काय कथा!

अपायाचा संभव कोठें अधिक असतो, याविषयीं तज्ज्ञांचें आतां बरेंच एकमत झालेलें आहे. मूल जितकें लहान, जितकें परावलंबी, तितका धोका मोठा. ज्यास धड बोलतां येत नाहीं असें तान्हें मूल, तसेंच मुकें, बहिरें किंवा मतिमंद मूल हें विशेष असहाय असतें. घरांत दारू असेल, नवरा बायकोस मारीत असेल, मिळकत अकस्मात् बंद पडली असेल, आई बाळंतपणानंतरच्या खिन्नतेनें ग्रासलेली असेल आणि मदतीस कोणी नसेल, तर रागाचा पहिला आघात मुलावर होतो. रडणाऱ्या तान्ह्यास संतापानें गदागदां हलविलें तरी त्याच्या मेंदूस कायमची इजा होऊं शकते, हें प्रत्येक नव्या आईबापांस ठाऊक असावयास हवें. ज्यांनीं स्वतः बालपणीं छळ सोसला, त्यांच्या हातून पुढें छळ होण्याचा संभव कांहीं अधिक असतो. तथापि त्यांच्यांतील बहुसंख्य लोक तसे होत नाहींत, हेंहि तितकेंच खरें. हीं सर्व लक्षणें केवळ सावध राहण्यासाठीं आहेत. त्यांवरून कोणा गरीब बापास किंवा सावत्र आईस अपराधी ठरविणें, हा निराळाच अन्याय होईल.

साकीनाक्याच्या एका खोलीच्या संसारांत यांतील कित्येक गोष्टी एकत्र येतात. आईबाप दोघेहि कामावर, गांवीं राहिलेली आजी शेंकडों मैल दूर, मूल शेजारणीच्या किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या हवालीं, आणि त्याच खोलींत भाड्याला हातभार लागावा म्हणून ठेवलेला गांवचा एखादा मनुष्य. कारखान्यांतून काम करण्यासाठीं परप्रांतांतून आणलेल्या पोरक्या मुलाची स्थिति तर याहूनहि वाईट. तो जेथें राबतो तेथेंच निजतो, आणि मालकावांचून त्यास ओळखणारें त्या गांवांत कोणी नसतें. हें वाचून चांदिवलीच्या दहाव्या मजल्यावरील वाचकानें 'हें त्या वस्तींतील लोकांचें झालें' असें म्हणून पान उलटूं नये. चाळीची भिंत पातळ असते, म्हणून तेथील रडणें शेजाऱ्यास ऐकूं येतें आणि पोलिसांत नोंदलेंहि जातें. आपल्या भिंती जाड आहेत. त्यामुळें आपल्याकडे अत्याचार होत नाहींत असें सिद्ध न होतां, ते ऐकूं येत नाहींत एवढेंच सिद्ध होतें. उपर्युक्त सरकारी पाहणींत शाळेंत जाणारीं, घरीं राहणारीं, काम करणारीं व रस्त्यावरचीं अशीं सर्व प्रकारचीं मुलें होतीं. त्यांतील कोणताहि वर्ग या संकटांतून अजिबात सुटलेला आढळला नाहीं.

एकत्र कुटुंबाची या बाबतींतील योग्यता दुहेरी आहे. ज्या घरांत आजी, काकू, आत्या यांपैकीं कोणी ना कोणी सदैव जागें असतें, त्या घरांत थकलेल्या आईच्या हातांतून मूल घेणारें कोणी असतें. मुलास एकांतांत गांठणें तेथें कठीण जातें. हा लाभ लहान नाहीं. परंतु त्याच घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द शेवटचा मानण्याची शिस्त असते, आणि ती शिस्त मुलाच्या देहापर्यंत जाऊन पोंचते. 'मामांच्या मांडीवर बस', 'काकांना पापा दे', 'पाहुण्यांजवळ जावयाचें नाहीं म्हणजे काय?' हीं वाक्यें आपण प्रेमानेंच उच्चारतों. मूल अंग चोरतें, आईच्या पदरामागें दडतें, आणि आपण त्यास हंसून पुढें ढकलतों. आपला देह मोठ्यांच्या इच्छेप्रमाणें वागविण्यासाठीं आहे, आणि नकार देणें हा उद्धटपणा आहे, एवढा धडा त्या क्षणीं त्यास मिळतो. त्या मामांच्या मनांत कांहीं वाईट नसेल, बहुधा नसतेंच. पण उद्यां ज्याच्या मनांत वाईट असेल, त्याच्यापुढेंहि तें मूल हाच धडा आठवून गप्प राहील. वाकून नमस्कार करणें हा आपला संस्कार आहे व तो राहावा. मात्र स्पर्शाच्या बाबतींत मुलाचा नकार हा नकारच समजावा, आणि तो मोडून काढण्यास कोणीहि वडीलमाणसानें हातभार लावूं नये.

हाच न्याय मारासहि लागू आहे. मुलाच्या हितासाठीं दिलेली चापट आणि क्रूरपणा यांत फार अंतर आहे, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. आणि तें अंतर आहे, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु चापटीचा एक परिणाम त्या अंतरानें नाहींसा होत नाहीं. ज्याच्या हातून मार बसतो, त्यास मूल आपली चूक सांगत नाहीं. पेला फुटल्याचें लपवावयास शिकलेलें मूल, शिकवणीच्या मास्तरांनीं दार लावून घेतल्याचेंहि लपवितें, कारण दोन्ही ठिकाणीं दोष आपलाच असावा अशी त्याची समजूत झालेली असते. सोसायचें आणि सांगावयाचें नाहीं, ही संवय घरांत लागते, आणि बाहेरचा मनुष्य तिचा फायदा घेतो. शाळेंतील छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंद केली. स्वीडन देशानें १९७९ सालीं आईबापांच्या मारासहि कायद्यानें मनाई केली. आपल्याकडे मुलावरील क्रूरतेस शिक्षा आहे, पण घरांतील चापटीस स्पष्ट मनाई नाहीं. तेव्हां ती मनाई ज्या त्या घरानें आपली आपणच करून घेतली पाहिजे.

मूल बोललें आणि घरानें ऐकलें, तर काय होतें, हें २०२४ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बदलापूर येथें दिसून आलें. तेथील एका शाळेच्या शिशुवर्गांतील सुमारें चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच सफाई-कामगारानें ऑगस्ट महिन्यांत अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलींनीं आपल्या शब्दांत घरीं सांगितलें, आणि घरच्यांनीं त्यांवर विश्वास ठेवला. पुढें मात्र तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांकडून तासन्‌तास विलंब झाला. २० ऑगस्ट रोजीं संतप्त नागरिकांनीं बदलापूर स्थानकावर आगगाड्या रोखून धरल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयानें प्रकरणाची स्वतः होऊन दखल घेतली. आरोपी सप्टेंबर महिन्यांत पोलिसांच्या ताब्यांत असतां गोळी लागून मरण पावल्यामुळें त्याच्यावरील खटला कधींच चालला नाहीं. हजारोंचा जमाव, मंत्र्यांचीं भाषणें, न्यायालयाचे ताशेरे या सर्वांपूर्वीं त्या प्रकरणांत एक लहानशी गोष्ट घडली होती: चार वर्षांच्या मुलीचें बोलणें कोणीं तरी खरें मानलें होतें. तें घडलें नसतें तर पुढील कांहींच घडलें नसतें.

आणि नेमकें येथेंच आपलीं प्रतिष्ठित घरें कच खातात. मुलानें ज्याचें नांव घेतलें तो घरचाच निघाला, म्हणजे पहिला प्रश्न मुलाच्या जिवाचा न राहतां घराण्याच्या नांवाचा होतो. 'मुलांच्या मनाचे खेळ' , 'इतक्या वर्षांचे संबंध' , 'मुलीच्या लग्नाच्या वेळीं हें निघेल' अशीं कारणें पुढें येतात. आणि आरोप झालेला मनुष्य पूर्ववत् सणासुदीला पंक्तीस बसूं लागतो. त्या पंक्तींत मुलासहि बसावें लागतें, याचा विचार होत नाहीं. घराचें नांव राखण्याची किंमत त्या घरांतील सर्वांत लहान माणसाकडून वसूल केली जाते, एवढाच याचा अर्थ.

कायद्याचें म्हणणें या बाबतींत स्पष्ट आहे, आणि तें प्रत्येक कुटुंबप्रमुखास ठाऊक असलें पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा 'पॉक्सो' या नांवानें ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलांत आहे. अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांसहि तो सारखाच लागू होतो. नातलगानें किंवा एकाच घरांत राहणाऱ्यानें गुन्हा केला, तर कायदा तो अधिक गंभीर समजतो. असा गुन्हा घडल्याचें ज्यास कळलें, त्यानें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्या मनुष्याचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्यास सोयीच्या जागीं, शक्यतों स्त्री-अधिकाऱ्यानें आणि पोलिसी गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. मुलाचें नांव प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. 'लाज जाईल' या भयाची बरीच काळजी कायद्यानेंच घेतलेली आहे. १०९८ या क्रमांकावर रात्रीं-बेरात्रीं केव्हांहि मदत मागतां येते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयानें १९९६ सालीं मुंबईंतच सुरू झालेली ही सोय पुढें देशभर पसरली, व आतां ती सरकारतर्फें चालते.

घरांत मात्र कायद्याच्या आधीं करावयाच्या कांहीं गोष्टी आहेत. सुधारलेलें मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागलें, एका विशिष्ट घरीं जाण्यास रडूं लागलें, झोपेंत दचकूं लागलें, तर त्यास दटावण्यापूर्वीं कारण शोधावें. अवयवांचीं नांवें त्यास सरळ शिकवावींत. ज्यास शब्दच दिलेला नाहीं, त्यानें तक्रार कशी करावी? मूल सांगूं लागलें तर शांतपणें ऐकावें, 'तूं सांगितलेंस हें बरें केलेंस, यांत तुझी चूक नाहीं' एवढेंच बोलावें, आणि प्रत्येक नातलगापुढें उभें करून तीच हकीकत वदवून घेऊं नये. ज्याचें नांव निघालें त्याच्यापासून मुलास त्याच दिवशीं दूर करावें. आणि आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईबरोबर तिची लहान मुलगी भांडीं घासावयास येत असेल, तर तीहि मूलच आहे, हें विसरूं नये. चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आपल्या मुलास जें भय शिवूं नये असें आपणांस वाटतें, त्या भयांत दुसऱ्याचें मूल आपल्याच स्वयंपाकघरांत उभें असूं नये.

पहारा काढून टाका, असें आमचें म्हणणें नाहीं. रस्त्यावर मुलाचा हात धरावा, काळोखांत त्यास एकटें पाठवूं नये, हें सर्व योग्यच आहे. परंतु पहाऱ्याचा रोख जसा बाहेर आहे तसा आंतहि असावा. आणि त्याचें मुख्य साधन कुलूप नसून, कोणत्याहि वडीलमाणसाविरुद्ध मुलाचा शब्द ऐकून घेण्याची घराची तयारी हें होय. ही तयारी प्रसंग येण्यापूर्वींच करावी लागते. आज रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील मोठ्या मंडळींनीं एकत्र बसून एवढें ठरवावें कीं, या घरांतील मुलानें कोणाचेंहि नांव घेतलें, अगदीं आपल्यांपैकीं कोणाचें घेतलें, तरी तें प्रथम ऐकून घेतलें जाईल. मग तें मुलांस त्यांच्या भाषेंत सांगावें. बोलणें पांच मिनिटांचें आहे. पण पुष्कळ घरांत तें पिढ्यान्‌पिढ्या झालेलें नाहीं.